दोघंही या

फोन वाजला तेव्हा तो लिफ्टच्या टपावर उभा होता. पायाखाली सहावा मजला, डोक्यावर सातवा, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, आणि हातात तारेचे दोर पुसायचं तेलकट फडकं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये फोन लागत नाही. त्याच्या कामातलं हे मोठं सुख होतं, आणि गेले काही महिने तर तेवढं एकच सुख उरलं होतं. आज मात्र कुठल्या फटीतून लहर आत शिरली कुणास ठाऊक. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, खणखणीत, दिवसभर माणसांना सूचना देऊन तापलेला. त्यांनी आधी त्याच्या बायकोचं नाव घेतलं, मग त्याचं. "त्यांचा फोन बंद लागतोय हो, म्हणून तुम्हाला केला. खरं तर बातमी त्यांच्याच कानावर घालायची होती. तुमचा नंबर लागलाय! मुलगी आहे, साडेचार वर्षांची. हो की नाही ते लवकर कळवायचं असतं, पण तुमचं काय, होच ना?" तो म्हणाला, "हो." वर मशीनच्या खोलीतून मामा ओरडले, "काय रे, दोर पुसतोयस की दोराशी गप्पा मारतोयस?" मामा म्हणजे त्याचे कामावरचे जोडीदार. लिफ्टचं काम एकट्याने करायचं नसतं. एक जण वर, एक जण डब्यावर, असा नियमच आहे. तो मामांनाही म्हणाला, "हो." मग त्याने फोन खिशात टाकला आणि उरलेले दोर पुसून काढले.

हो म्हणायला अक्कल लागत नाही. जेवलास का, हो. झोप लागते का, हो. सावरलास ना जरा, हो. तीन महिने त्याने सगळ्यांना हो म्हणून वाटेला लावलं होतं आणि लोकही समाधानाने वाटेला लागले होते. बायको गेली हे त्याने स्वतःच्या तोंडाने अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. त्याला ते डॉक्टरांनी सांगितलं, नातेवाइकांना ताईने सांगितलं, कामावर मामांनी सांगितलं, आणि तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला बहुधा कुणीच सांगितलं नाही, कारण तो परवाच विचारत होता की वहिनींचे कपडे हल्ली येत नाहीत, दुसरीकडे टाकता काय. त्यालाही तो हो म्हणाला होता. तेव्हा फोनवरच्या त्या बाईंना, मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या मोठ्या बाईंना, हो म्हणताना आपण काही खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही. काही वाटलंच नाही. बायकोच्या नावाने काहीतरी टपालाने यावं, ती घरी नसावी, आणि दार उघडलेल्या माणसाने ते हातात घ्यावं, इतपतच ते झालं. संध्याकाळी कपडे बदलताना त्याला आठवलं की टपालाने आलेली ती वस्तू साडेचार वर्षांची आहे.

दत्तक घ्यायचं हे तिचं होतं. तो सोबत होता. लग्नानंतरची काही वर्षं दवाखान्यांत गेली. तिथल्या बाकांवर बसून त्यांनी जुनी मासिकं पाठ केली. मग एके दिवशी ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "अहो, पुरे झालं. मूल पाहिजे आपल्याला, माझ्या पोटाचं प्रमाणपत्र नकोय." तो म्हणाला, बरं. त्याच्या आईने तोंड फिरवलं. आपल्यात असं कुणी केलं नाही, कुणाचं कोण, उद्या कुठले गुण उधळेल, असं सगळं बोलून झाल्यावर ती म्हातारी मरेपर्यंत त्या विषयावर गप्प राहिली. ताईने तोडगा काढला. म्हणाली, बाहेरचं आणण्यापेक्षा माझा धाकटा न्या, घरचं रक्त तरी आहे. त्यावर बायको म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या धाकट्याला मिसरूड फुटलंय. त्याला मी आंघोळ घालू की तो मला फिरायला नेईल?" ताई चार महिने बोलली नाही. तो मधे कुठेच नव्हता. दोन बायका भांडत असल्या की तो दिव्याची बटणं दुरुस्त करत बसे.

मग सुरू झाली ती वाट बघण्याची नोकरी. वाट बघणं हे काम आहे हे त्याला बायकोकडे बघून कळलं. तिने ते रजा न घेता केलं. आधी दोघांची तब्येत तपासली, मग पगार, मग शेजाऱ्यांना विचारून झालं की हे लोक आरडाओरडा करतात का. दोघांच्या वयाची बेरीज करायची आणि त्या बेरजेवरून किती मोठं मूल द्यायचं ते ठरवायचं, असा एक हिशेब होता. त्यांनी सुरुवात केली तेव्हा बेरीज तान्ह्या बाळाएवढी होती. रांग पुढे सरकेना आणि बेरीज मात्र वाढत राहिली. बायको म्हणे, "बाळ नको आता, चालतंबोलतंच येईल. लंगोट धुवायची कटकट वाचली." हे ती हसून म्हणे. पण तान्ह्या बाळासाठी आणलेलं कापड तिने एका दुपारी कापून त्याच्या हत्यारांच्या पिशवीला अस्तर लावलं होतं, आणि तो ती पिशवी उघडताना रोज ते पिवळं कापड बघत असे. तेव्हा त्याला त्याबद्दल काय वाटलं होतं, हे आता आठवूनही आठवत नव्हतं. आपल्याला मूल हवं होतं की तिला मूल मिळायला हवं होतं, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. ती विचारायची ते प्रश्न पुरेसे होते.

घर बघायला एक बाई यायच्या. बायकोने त्यांचं नाव पाहणीबाई ठेवलं होतं. पाहणीबाईंनी खिडक्यांचे गज मोजले, गॅसची नळी वाकवून पाहिली, गच्चीचा कठडा स्वतःच्या कमरेला लावून पाहिला, आणि मग दोघांना समोर बसवून विचारलं, "भांडण झालं तर आधी कोण बोलतं?" दोघंही एकदमच म्हणाले, "मी." पाहणीबाई पोट धरून हसल्या आणि त्या दिवसापासून त्यांची बाजू घ्यायला लागल्या. त्यांनीच एकदा चहा पिता पिता नियम सांगितले होते. एकट्या बाईला मुलगा देतात, मुलगीही देतात. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. जोडपं असेल तर दोघांनी यायचं, दोघांनी सह्या करायच्या, दोघांनी न्यायचं. बायकोने बोटांवर हिशेब केला होता. "म्हणजे हे गेले तर मला काहीही मिळेल आणि मी गेले तर यांना मुलगी मिळायची नाही? बघा हो, माझ्या तब्येतीला जपा!" आणि तिघंही हसले होते. तोही हसला होता. पाहणीबाईंची पुढे दुसरीकडे बदली झाली. त्या इथे असत्या तर अंत्यसंस्काराला आल्या असत्या आणि पुढचं सगळंच टळलं असतं.

पण पुढचं झालं. मोठ्या बाईंचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा तो एका रुग्णालयाच्या लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसून बाहेर गटारात ओतत होता. त्या म्हणाल्या, अल्बम पाठवा. ही त्यांच्या संस्थेची पद्धत होती. मूल ठरलं की नव्या घराने फोटोंचा अल्बम पाठवायचा: इमारतीचं फाटक, जिना, दार, झोपायची जागा, आई, बाबा. मग संस्थेतल्या मावशी रोज त्या मुलाला मांडीवर घेऊन तो दाखवतात. ही तुझी आई, हे बाबा, ही तुझी खिडकी. म्हणजे पुढे माणसं समोर आली की मूल बिचकत नाही. "महिनाभर दाखवतो आम्ही, मग भेट. तुम्ही करायला घ्या." त्याला काही करायला घ्यायचं नव्हतं. बायकोने तो अल्बम वर्षापूर्वीच करून ठेवला होता, नंबर कुठे, मूल कुठे, कशाचा कशाला पत्ता नसताना. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत. त्यासाठी तिने त्याला खुर्चीवर बसवून सतरा वेळा फोटो काढला होता. "दात दाखवा. असे ओठ मिटून बसलात तर पोरगी म्हणेल हा वसुलीला आलाय." स्वतःचा फोटो तिने खिडकीत उभं राहून काढून घेतला, केस नुकते धुतलेले, आणि तो फोटो त्यानेच काढला होता. कपाटात वरच्या खणात अल्बम होता. त्याने तो काढला, न उघडता कागदात गुंडाळला आणि कामावर जाताना पाठवून दिला. तयार वस्तू पाठवायला विचार करावा लागत नाही. तो अल्बम त्याला करायला सांगितला असता तर पहिल्याच पानाला त्याचा हात थांबला असता. तिच्या उरकाने घात केला.

त्यानंतर मोठ्या बाईंचे फोन येऊ लागले. त्या कामापुरतं बोलणाऱ्या होत्या, तरी या एका मुलीच्या बाबतीत त्यांचा आवाज सैल होई. "आम्ही तिला मुंगी म्हणतो. भिंतीला हात लावून चालते ना, म्हणून. तिला आधी एका जोडप्याने नाही म्हटलंय, सांगून ठेवते. तब्येतीचं काही नाही, फोटोत हसत नव्हती म्हणून. आणि पाच ओलांडली की मग कुणी विचारत नाही हो, सगळ्यांना बाळं हवीत." तो म्हणायचा, बरं. पुढच्या फोनला त्या म्हणाल्या, "काल मावशीने विचारलं, आई कुठली, तर बरोबर बोट ठेवलं." तो म्हणाला, बरं. त्या पुढच्या फोनला त्या म्हणाल्या, "अल्बम उशाशी घेऊन झोपते आता. वहिनींना सांगा, त्यांच्या फोटोचा कोपरा चावून ठेवलाय म्हणावं." त्या वेळी तो एका दुकानासमोर उभा होता. त्याने जीभ उचलून पाहिली. वाक्य चार शब्दांचं होतं. पण ते त्याच्या तोंडात कधी गेलेलंच नसल्यामुळे कुठून धरावं ते त्याला समजेना. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी त्याला कळत होती आणि जिच्याकडे तो बघत नव्हता. एका ठिकाणी, एका खोलीत, त्याची बायको अजून होती. रोज संध्याकाळी कुणीतरी तिच्यावर बोट ठेवून 'आई' म्हणत होतं. ते एक वाक्य बोललं की तिथेही ती मरणार होती. फोन ठेवून तो दुकानात शिरला. ते चपलांचं दुकान होतं. साडेचार वर्षांच्या मुलीचा पाय केवढा असतो हे दुकानदाराने हाताने दाखवलं आणि त्याने तेवढे सँडल घेतले.

बाकी दिवस जात होते. तो उभ्याने जेवत होता. दूध नासलं की फेकत होता, आणि पुन्हा तेवढंच आणत होता. एखाद्या इमारतीत शिरला की कान देऊन सांगू शके, कुठल्या लिफ्टचं बेअरिंग महिन्याभरात जाणार. मामा म्हणायचे, याला लिफ्टचे डोहाळे कळतात. आंघोळीचं पाणी गरम की गार हे मात्र त्याला अंगावर ओतून झाल्यावरही नीट कळत नसे. रडू आलं नव्हतं. ताईला त्याची काळजी वाटत होती आणि ती ती मोठ्याने करत होती. एका सुट्टीच्या दुपारी ती डबा घेऊन आली, भांडी घासली, पडदे काढून भिजत टाकले, आणि केरसुणी शोधताना पलंगाखालून सँडल घेऊन बाहेर आली.

"हे कुणाचे?"

"मुलीचे."

"कुठल्या मुलीचे?"

"नंबर लागलाय. पुढच्या आठवड्यात बघायला जायचंय."

ताई खाली बसली. आधी तिला वाटलं याचं डोकं फिरलं. मग तिने एकेक विचारत सगळं काढून घेतलं, फोन, अल्बम, मावशी, मुंगी, आणि जसजसं कळत गेलं तसतसा तिचा पदर तोंडाशी जात राहिला. "आणि हिचं सांगितलं नाहीस?" त्याने मान हलवली. "अरे वेड्या! मग ते देतील का तुला पोर?"

"नाही देणार."

"मग?"

ताई लगेच कामाला लागली. तिचा स्वभावच तसा. लग्न कर म्हणाली. तिच्या जावेची मावसबहीण होती, समंजस होती, हिच्यासारखी फटकळ नव्हती, महिन्याभरात सगळं उरकता येईल, मग दोघं होतील आणि नियमही बसेल. तो ऐकत होता. एक क्षण त्याने खरंच मनात ते मांडून पाहिलं. एक बाई, खिडकीत उभी, केस धुतलेले. पण चेहरा तर अल्बमातल्या बाईचा लागणार होता. तेवढ्यात ताईच बोलता बोलता थांबली. हातातले सँडल तिने एकमेकांना टेकवून जमिनीवर नीट ठेवले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आणि तोवर ती पोर तुझ्या नावावर अडकून पडणार. दुसरं कुणी न्यायला आलं तर त्यांना सांगणार, हिचं ठरलंय. हो ना?"

"हो."

"पाच ओलांडली की कुणी नेत नाही म्हणालास."

"हो."

"अरे, मग तू करतोयस काय?" ताई ओरडली. ही तीच ताई होती जिने बाहेरच्या रक्ताच्या नावाने कधीकाळी बोटं मोडली होती. आणि तिने ज्या मुलीला पाहिलं नव्हतं तिच्यासाठी तिचे डोळे भरून आले होते. त्याचे कोरडेच होते. त्याला ताईचा हेवा वाटला. म्हणाला, "जीभ वळत नाही ताई."

"दे नंबर. मी सांगते. सगळ्यांना मीच सांगितलंय, अजून एक."

तो भिजलेल्या पडद्यांच्या बादलीकडे बघत होता. "नको," तो म्हणाला. "या वेळी नको." ताईने पहिल्यांदाच काही न बोलता त्याचं ऐकलं. जाताना ती सँडलकडे वळून म्हणाली, "मोठे होतील रे तिला. पोरींचे पाय बारीक असतात."

भेटीच्या दिवशी त्याने दाढी केली, कापून घेतलं, रक्त पुसलं. मोठ्या बाई फोनवर शेवटचं म्हणाल्या होत्या, "दोघंही या. उशीर करू नका, ती सकाळपासून दाराशी बसेल." बसमध्ये तो शेजारची जागा मोकळी असूनही उभा राहिला. संस्थेची इमारत टायरचं दुकान आणि छापखाना यांच्या मधे होती. पिवळट, दुमजली, लिफ्ट नसलेली. आत फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास होता. लांब बोळकांडीच्या भिंतीवर लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर रंग उडालेला एक पट्टा सरळ टोकापर्यंत गेला होता. मोठ्या बाई आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा बुटक्या निघाल्या. त्यांनी हसून त्याच्या मागे पाहिलं. "आणि वहिनी? खाली आहेत का?" तो म्हणाला, "पाणी मिळेल?" पाणी आलं. तो प्यायला. वाक्य त्याने बसमध्ये तयार केलं होतं, बाईंसाठी, ऑफिसात म्हणावं तसं: मला आपल्याला एक कळवायचं आहे. त्याने पेला खाली ठेवला, आणि तेवढ्यात दार ढकलून मावशी मुंगीला घेऊन आत आली.

ती त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती. केस बारीक कापलेले, गुडघ्यावर खपली, काखेत अल्बम. ती मावशीला सोडून भिंतीने भिंतीने पुढे आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मग अल्बम उघडून तिने त्याचं पान काढलं, फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. तिला काहीतरी जुळत नव्हतं.

"दात?" ती म्हणाली.

त्याने दात दाखवले. मोठ्या बाई हसल्या, मावशी तोंडावर हात घेऊन हसली. मुंगी हसली नाही. तिने समाधानाने मान हलवली, एक काम झालं, आणि त्याला ओलांडून ती दाराशी गेली. तिने बोळकांडीत एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं. जिन्यापर्यंत जाऊन कठड्यातून खाली पाहिलं. पुढचं, आईचं पान उघडलेलं होतं, त्यात बोट घालून ती परत आली.

"आई कुठाय?"

"येतेय हं, येतेय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही," तो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज खोल शाफ्टमधून येतो तसा ऐकू आला. तो खुर्चीवरून उतरून फरशीवर बसला, कारण तिचा चेहरा खाली होता. "ती येणार नाही. ती मेली."

मावशी "अगं बाई" म्हणाली आणि भिंतीला टेकली. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "कधी?"

"थंडी पडायच्या आधी."

"म्हणजे मी पहिला फोन केला, तेव्हा..."

"हो."

त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुलीकडे बघत हळूच म्हणाल्या, "अहो, महिनाभर आम्ही हिला रोज..." आणि तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, "नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मुलगा असता तर मी भांडून पाहिलं असतं. मुलगी नाही देत हो. मला कळवावं लागेल वर. आजच. मग पुढचा नंबर, तो हो म्हणाला तर." त्यांनी 'तर'वर जोर दिला नाही, पण तो पडला.

"कळवा," तो म्हणाला. बोलून झालं होतं. आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं असं त्याला वाटलं. त्याने वाट पाहिली. काही झालं नाही. फरशी गार होती एवढं मात्र कळलं. मुंगी त्याच्यासमोर उभी राहून हे सगळं ऐकत होती, कधी त्याच्या तोंडाकडे बघत, कधी मोठ्या बाईंच्या. मोठ्या माणसांचं बोलणं संपलं अशी खात्री झाल्यावर तिने विचारलं, "मग तू इथे राहायला आलास?"

तिला वाटलं याला कळलं नाही. ती समजावून सांगायला लागली, मावशी नव्या मुलांना सांगते तशी, हात हलवत. "आई नसली ना, की इथे राहतात. जेवायला देतात. माझ्या शेजारचा पलंग रिकामाय. तिथे पंखा लागत नाही पण. चालेल?"

त्याने मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी फोन उचललेला होता आणि तो त्या कानाला लावत नव्हत्या. "जाऊन या," त्या म्हणाल्या. "बघून या. मी थांबते तोवर." मुंगीने त्याची करंगळी धरली. आतल्या खोलीत दोन्ही बाजूंना लोखंडी पलंग होते, निळ्या रंगाचे, चादरी ताणून घातलेल्या. शेवटून दुसऱ्याशी ती थांबली, आणि शेजारच्या पलंगावर तिने दोनदा थाप मारली. तो बसला. गुडघे छातीपर्यंत आले. पलंग त्याच्या मापाचा नव्हता, तरी त्याने भार सहन केला. मुंगी शेजारच्या आपल्या पलंगावर चढून बसली आणि त्याच्याकडे निरखून बघत राहिली. त्याला वाटलं ती पुन्हा दात दाखवायला सांगेल. पण ती त्याच्या हनुवटीकडे बघत होती, जी कधीपासून हलत होती ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"रडायचं असेल तर उशीत रडायचं," ती म्हणाली. "मोठ्याने नाही. बाकीचे उठतात."

ती खाली उतरली, त्याच्या पलंगावरची उशी दोन्ही हातांनी उचलून तिने त्याच्या मांडीवर ठेवली, आणि तोंड कसं घालायचं ते आधी स्वतः करून दाखवलं.